पायांखालचा भराव

भाऊसाहेबांच्या घरात तीन आठवडे एकाच प्रश्नाचा काथ्याकूट चालला होता. नव्या खोलीत फरशी कुठल्या रंगाची बसवायची? बायकोला फिकट राखाडी हवी होती, भाऊसाहेबांना बदामी. नमुन्याच्या आठ फरश्या सोफ्याला टेकवून ठेवल्या होत्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी विचारायच्या आधी मत विचारलं जाई. खाटेवर बसलेल्या आईने मात्र भलतंच विचारलं.

"अरे, पण फरशीच्या खाली काय घालणार आहात?"

"खालचं कोण बघतंय, आई!" भाऊसाहेब हसून म्हणाले.

खरं तर ही खोली आईसाठीच होती. गेल्या वर्षी जुन्या खोलीतल्या दोन फरश्या आपोआप वर उचलल्या गेल्या, आईचा पाय अडखळला आणि खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून हातात वॉकर आला, तरी कोपराला धरायला माणूस लागेच. न्हाणीघरात जायचं तरी सुनेला हाक मारायची, याची आईला फार लाज वाटे. "एकदा माझी मी न्हाणीघरापर्यंत जाऊन आले ना, की भरून पावले," असं ती म्हणायची. म्हणून घरामागे नवी खोली, शेजारीच न्हाणीघर, मध्ये उंबरठासुद्धा नाही. भाऊसाहेब पाणीपुरवठा कचेरीत हेडक्लार्क, स्वभावाने हट्टी, पण आईवर त्यांचा जीव होता.

काम झपाट्याने चाललं होतं. नावाजलेला गवंडी मिळाला होता. त्याने पाया छातीइतका खोल, कडक मुरमापर्यंत नेला, वर बांधकाम आणलं आणि गुडघाभर उंचीचं जोतं उभं केलं. आता जोत्याच्या आतली पोकळी भरायची होती. पाया खणताना निघालेल्या काळ्या चिकण मातीचा ढीग अंगणात होताच.

"घरचीच माती आहे, मिस्त्री. टाका आत," भाऊसाहेबांनी फर्मावलं. गवंड्याने मान डोलावली.

तेवढ्यात धुम्मस खाली ठेवल्याचा आवाज झाला. भराव ठोकून दाबायचं ते जड लोखंडी अवजार चालवणारी बाई पुढे आली. पन्नाशीची, काटक, चार आठवड्यांत कुणी तिचा आवाज ऐकला नव्हता.

"साहेब, ही माती आत नका घालू."

"ए बाई, तू तुझं काम कर. बघायला मिस्त्री आहेत ना?"

"उन्हानं डोकं तापलंय तिचं," गवंडी हसला.

बाई हलली नाही. भाऊसाहेब चिडले. "अगं, पाया एवढा भक्कम घेतलाय, आता काय होणार आहे?"

"पाया भिंतींना आहे, साहेब. भिंती पायावर उभ्या राहतील. पण आई काय भिंतीवर चालणार आहेत? त्यांचे पाय पडणार फरशीवर. फरशी बसणार कोब्याच्या काँक्रीटवर आणि कोबा बसणार या भरावावर. चिकण माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आक्रसते. एक दिवस फरशी वर उचलली जाईल."

खिडकीत बसलेल्या आईने ते शेवटचे शब्द ऐकले. "अरे, तिला बोलू दे!" ती आतून ओरडली.

भाऊसाहेब पेचात पडले. कागद पाहिल्याशिवाय सही न करणारा माणूस, म्हणाले, "पुरावा काय?"

बाईने काचेचे दोन पेले मागितले. एकात चिकण मातीची कोरडी भुकटी घातली, दुसऱ्यात पायाच्या तळातला मुरूम चाळून घातला. दोन्ही निम्मे भरले, त्या रेषेवर रबर बँड लावले आणि पाणी ओतून पेले आईच्या खिडकीत ठेवले. राखण करायला आई होतीच. तिने दिवसभर कुणाला खिडकीशी फिरकू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी आईची हाक आली. "या रे, या! माती चढली!"

सगळे धावले. पाणी नितळ झालं होतं. मुरूम होता तिथेच होता. चिकण माती मात्र रबर बँडच्या दोन बोटं वर आली होती!

भाऊसाहेबांनी रबर बँडच्या वर बोट टेकवून पाहिलं. मग गवंड्याकडे वळले. "मिस्त्री, तुम्हाला हे ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक होतं साहेब," गवंडी खाली बघत म्हणाला. "पण तुम्ही टाका म्हणालात. गिऱ्हाइकाला कशाला दुखवा!"

"आणि बाई, तुम्हाला कुणी शिकवलं?" 'तू'चं 'तुम्ही' कधी झालं, ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

"कुणी नाही. मागं एका घरात अशीच माती भरली होती. मला तेव्हाही कळत होतं, पण मला कोण विचारतंय म्हणून गप्प बसले नि कुटत राहिले. दोन वर्षांनी त्याच घरी कामाला गेले, तर जमीन मधोमध फुगलेली, दार उघडेना. ती माझ्याच हातची जमीन होती, साहेब. तेव्हाच ठरवलं, हसतील तर हसू देत, बोलायचं."

भाऊसाहेबांच्या डोळ्यांसमोर जुन्या खोलीतल्या त्या दोन फरश्या आल्या. तो भराव घालतानाही कुणीतरी गप्प बसलं असेल, किंवा बोललं असेल आणि आपल्यासारख्याच कुणीतरी त्याला गप्प केलं असेल! आईचं हाड मोडलं त्याचं मूळ तिथे होतं, या विचाराने त्यांना स्वतःची शरम वाटली.

मुरूम आला. मग बाईंचं काम बघण्यासारखं होतं! एका वेळी वीतभरच थर, त्यावर पाण्याचा शिडकावा, मग धुम्मस. थर झाला की त्या टाच आपटायच्या आणि कान देऊन ऐकायच्या. "अजून पोकळ बोलतंय," म्हणून पुन्हा सुरुवात. भिंतीच्या कोपऱ्यात धुम्मस पोचेना, तिथे बसकण मारून लाकडी ठोकळ्याने ठोकलं. गवंडी एकदा म्हणाला, "शेवटचे दोन थर एकदम घेऊ." बाईंनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं आणि त्याने निमूटपणे फावडं खाली ठेवलं. भरावावर दगडांचा थर, त्यावर कोबा, मग कोब्याला दिवसचे दिवस पाणी. आई खिडकीतून सगळं बघत होती आणि जेवायचंही विसरत होती.

अखेर खोली झाली. फरशी राखाडी बसली, घरोघरी जसं होतं तसंच. आई वॉकर घेऊन दाराशी उभी राहिली. सुनेने कोपर धरायला हात पुढे केला, आईने तो बाजूला सारला. एक पाऊल, दुसरं पाऊल. वॉकर कुठे डुगडुगला नाही. आई न्हाणीघरापर्यंत गेली, वळली आणि तशीच परत आली. एकटी! सुनेने डोळ्यांना पदर लावला.

भाऊसाहेबांनी अंगणाकडे तोंड करून हाक मारली. "मिस्त्री! आत या!"

गवंडी लगबगीने उठला.

"तुम्ही बसा हो. मी त्यांना बोलावतोय."

बाईंनी मागे वळून पाहिलं, कुणाला बोलावताहेत म्हणून. मागे भिंत होती. गवंडीच म्हणाला, "जा, मिस्त्री, तुम्हालाच हाक आहे." बाई दाराशी आल्या आणि थबकल्या. "पाय मातीचे आहेत, साहेब."

"त्याच पायांनी ही जमीन झालीय. ये गं!" आई म्हणाली.

बाई आत आल्या, सवयीने टाच आपटली, कान दिला आणि पहिल्यांदाच हसल्या.

वाचकहो, घर बांधाल तेव्हा भराव जरूर बघा. पण घर असो की कचेरी, आणखी एक बघा. ज्या हातांना काम कळतं, त्यांचं तोंड आपण बंद तर करत नाही ना? त्यांना विचारा, त्यांचं ऐका आणि हाक मारताना त्यांचा मान राखा. शेवटी आपली माणसं त्यांनीच केलेल्या जमिनीवर चालायची आहेत.