टाकीवरचा वज्रकेतू

माझ्या हॉटेलात बसून कुणी "खरं सांगतो" असं म्हणालं, की मी आधी त्याच्याकडं नीट बघून घेते. संशय हा माझा स्वभावच आहे. कामशेतकडून धरणाकडं जाणाऱ्या रस्त्यावर बाईमाणसानं एकटीनं चहा-भज्यांचं हॉटेल चालवायचं तर तो असावाच लागतो. पण दिवाळीनंतर आमच्या गावात जो संशय शिरला, त्याच्यापुढं माझा अगदीच किरकोळ निघाला.

सुरुवात झाली सिनेमापासून. वज्रकेतू म्हणजे आमच्या पोरांचा देव. पहिल्या दोन सिनेमांत त्यानं बुडती जहाजं उचलली, पडते पूल धरले, लहान पोरांना खांद्यावर घेऊन उडाला. तिसरा सिनेमा लागला तेव्हा अंबाजीआबांचा मुलगा सार्थक गावातली पोरं टेम्पोत भरून लोणावळ्याला घेऊन गेला. सगळ्यांच्या अंगात सारखे टी-शर्ट, छातीवर वज्र. जाताना बोंबलत गेली ती परत आली तेव्हा तोंडं पाडून माझ्या बाकांवर बसली.

"काय रे, पिक्चरला गेलतात का मयताला?" मी विचारलं.

"मावशी, वज्रकेतू असं न्हाई करणार," सार्थक म्हणाला. त्याचे डोळे खरोखरच भरले होते.

हळूहळू गोष्ट कळली. डोंगरातल्या एका पाड्यावरचा म्हातारा विहिरीत पांढरी पूड टाकतो. ते पाणी पिऊन माणसं पिसाळतात. त्यांना आवरायला आलेला वज्रकेतू शेवटी चिडून अख्खा पाडाच जाळून टाकतो, लेकराबाळांसकट. मुखवटा घालून रात्रीचा फिरणारा दुसरा हिरो, रातवा, तो पोचेपर्यंत सगळी राख झालेली असते.

माझ्या हॉटेलात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. धरणावर फिरायला येणारी पुण्याची पोरं म्हणायची, वज्रकेतू आत्ता कुठं खरा वाटला, इतके दिवस नुसता गुळाचा गणपती होता. आमची पोरं त्यांच्या अंगावर धावून जायची. कुणी म्हणे डायरेक्टरनं हिरोची वाट लावली, कुणी म्हणे हे स्वप्न निघणार बघा, पुढच्या भागात सगळं उलटं होईल. भजी गार व्हायची पण भांडण गार व्हायचं नाही. शेवटी दोन्ही बाजूंचं एकाच गोष्टीवर जमलं. वज्रकेतूचा काय दोष? सगळं केलं त्या म्हाताऱ्यानं. पोरांना आपल्या हिरोला खुनी म्हणवत नव्हतं, म्हणून त्यांनी दुसरा खुनी शोधला.

आता गंमत अशी, की तो म्हातारा आमच्याच गावचा. त्या सिनेमाचं काही शूटिंग आमच्या धरणामागच्या डोंगरात झालं होतं. त्यांना एक चेहरा हवा होता आणि वरच्या ठाकरवाडीतला सावळाभाऊ त्यांच्या नजरेत भरला. चार मिनिटांचं काम, तोंडातून एक शब्द नाही, पण तालुक्यात त्याला आता कोण ओळखत नाही? आणि योगायोग बघा, गावच्या पाण्याच्या टाकीचं काम सावळाभाऊकडंच. टाकी भरायची, त्यात जंतू मारायची पावडर टाकायची, सकाळी वॉल फिरवून नळाला पाणी सोडायचं. कितीतरी वर्षं गाव त्यानं सोडलेलंच पाणी पितं.

सुरुवातीला सगळं चेष्टेवारी चाललं होतं. गाड्या थांबायच्या, पोरंपोरी त्याच्या शेजारी उभी राहून, विष प्यायल्यासारखा आपलाच गळा धरून फोटो काढायची. "काका, आमच्या बाटलीला हात लावू नका हां!" सावळाभाऊ बिचारा हसायचा. त्याचा मुलगा हृतिक सार्थकबरोबर परंदवडीकडच्या एका कारखान्यात कामाला होता आणि पोरांनी काढलेल्या वज्रकेतूच्या मंडळातही होता. बापाची थट्टा चालली की तोही हसायचा, जरा जास्तच मोठ्यानं.

मग मंडळानं ठरवलं, वज्रकेतूची अब्रू राखायची. जुन्या सिनेमातला, हसऱ्या चेहऱ्याचा वज्रकेतू फ्लेक्सवाल्याकडून दुमजली उंचीचा कापून आणला. तो सगळ्यांना दिसावा म्हणून गावातल्या सगळ्यात उंच जागी, म्हणजे पाण्याच्या टाकीवर, दोरांनी उभा केला. रविवारी ढोल लावून त्याला दुधाचा अभिषेक झाला. डेअरीला जाणारे कॅन वर चढवले होते. मी हातातला झारा तसाच घेऊन रस्त्यावर आले आणि वर बघत राहिले. खरं सांगायचं तर छान दिसत होतं. मंडळानं त्याची रील टाकली, ती साऱ्या मावळात फिरली.

त्यानंतर दोनतीन दिवसांतच गावात पोरं आजारी पडायला लागली. आधी सार्थकचा पुतण्या, म्हणजे त्याच्या आईचा, मुक्ताबाईचा नातू. उलट्या, जुलाब. मग खालच्या आळीतली पोरं. नळाच्या पाण्याला घाण वास येत होता. पुढं तो वास गेला आणि पावडरीचा आला, इतका की गिऱ्हाइकं चहा अर्धा टाकून उठायला लागली. आणि त्याच दिवशी गावाच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. टाकीच्या तोंडाशी वाकलेला सावळाभाऊ, हातात पिशवी, आत पांढरी पूड. खाली लिहिलं होतं, "आधी विहीर, आता टाकी."

व्हिडिओ कुणी काढला ते टाकीसमोरच्या गच्चीवरनं कळत होतं. ती गच्ची सार्थकची.

मुक्ताबाई माझ्याकडं आली ती पदर तोंडाला लावूनच. "सुषमा, मी एक इचारते. एवढ्या माणसात त्या पिक्चरवाल्यांनी यालाच का निवडला? चेहऱ्यात कायतरी दिसलं असंल न्हवं? त्यांना त्यातलं कळतं."

"अहो, ते नाटक होतं."

"असंना का! मी पयल्यापास्न म्हणत हुते, गावाच्या पाण्याला वाडीवरचा मानूस नको."

मला तिचा राग आला. पण राग आला तरी डोक्यातला किडा वळवळायचा थांबला नाही. पावडर टाकणं त्याचं कामच होतं, हे मला पक्कं माहीत होतं. मग एरवीपेक्षा इतकी जास्त का टाकली? सावळाभाऊ वॉल बंद करून घरी निघाला होता तेव्हा मी त्याला हाक मारली.

"भाऊ, पावडर वाढवली का?"

"व्हय. टाकी रिकामी करून धुतली, मग टाकली."

"मध्येच धुतली? कशानं?"

"घाण झालती."

"कसली घाण?"

तो माझ्याकडं बघेना. कढईतल्या तेलाकडं बघत राहिला. "झालती कायतरी, ताई. आता न्हाई," एवढं बोलून चालायला लागला. तो काहीतरी लपवतोय, याबद्दल मला शंकाच उरली नाही. त्या दिवशी मी हॉटेलाला पिण्याच्या पाण्याचे जार सांगितले. गावात निम्म्यांनी तेच केलं. ज्यांना परवडत नव्हतं त्या बायका हंडे घेऊन बंद पडत आलेल्या हापशावर रांगा लावायला लागल्या.

सावळाभाऊला कामावरनं काढायचं की नाही, एवढ्यासाठी मंदिराच्या मंडपात ग्रामसभा बसली. अंबाजीआबा उपसरपंच, तेच पुढं बसले होते. समोर टेबल, त्यावर तांब्या आणि पेले. मंडपात माणूस मावत नव्हता. सावळाभाऊ टाकीचा वॉल फिरवायचा पाना हातात धरून खांबापाशी उभा होता. त्याला कुणी बस म्हणालं नाही आणि तोही बसला नाही.

"सावळ्या, पाण्यात काय टाकलंस?" आबांनी विचारलं.

"पावडर, आबा. नेमीची."

"मग पोरं आजारी कशी पडली?"

त्यानं पाना या हातातून त्या हातात घेतला.

"बाहीरच्या नळाचं पानी भरून आन आन् आमच्या म्होरं पी."

त्यानं तांब्या भरून आणला, पेल्यात ओतलं आणि सगळ्यांसमोर घटाघटा प्यायला. मला वाटलं, मिटलं. तेवढ्यात मागनं कोणीतरी ओरडलं, "पिक्चरमदी त्यानं आदी इषावरचा उतारा घेतलता!" आणि माना डोलायला लागल्या. व्हय की, घेतलता! अहो, मोठमोठी माणसं, निम्म्या गावाच्या सोयरिकी जमवणारी, आणि सिनेमातला उतारा पुरावा म्हणून मान्य करत होती. मला हसावं की रडावं कळेना.

"आजपास्न काम बंद," आबा म्हणाले. "पाना हितं ठेव."

सावळाभाऊनं पाना टेबलावर ठेवला. तेव्हा हृतिक उठला. तो सार्थकच्या शेजारीच बसला होता. सार्थकनं त्याचा शर्ट धरून खाली ओढला, तरी उठला.

"बाबाचा काय संबंद न्हाई," तो म्हणाला. "घाण आमी केली. अभिषेकाचं दूध टाकीत गेलंय. झाकान आमीच काडलतं, पोस्टर बांदायला आड येत व्हतं म्हणून. कॅन मी धरलेला, वतत सार्थक व्हता."

"गप ए!" सार्थक ओरडला. "कायबी बोलू नको!"

"रील बगा ना मग! तुमच्या समद्यांच्या मोबाईलात हाय!"

होती की. कुणी हळूच फोन काढला, मग शेजारच्यानं, मग सगळ्यांनी. मंडपभर तोच ढोल मागंपुढं वाजायला लागला. मीही माझा फोन काढला. दूध वज्रकेतूच्या कपाळावरनं निघतं, गालावरनं, छातीवरच्या वज्रावरनं खाली येतं, पायाशी पोचतं, आणि पायाशी टाकीचं तोंड उघडं. झाकण बाजूला पडलेलं. दूध सरळ आत. ती रील मी कितीदा बघितली होती! साऱ्या गावानं बघितली होती, बदाम टाकले होते, पाहुण्यांना पाठवली होती. पण आम्ही सगळे चेहऱ्याकडं बघत होतो. पायाशी काय चाललंय ते कुणीच बघितलं नाही.

"तुज्या बाबाला माहीत व्हतं?" आबांनी विचारलं.

"टाकीत बगितल्यावर कळलं त्याला," हृतिक म्हणाला. "मला म्हनला, बोलू नको. कंपनीत तू आबांच्या वळखीनं लागलायस."

मग आबांच्या पोटातनं हसू आलं. "आरं, म्हंजी दूधच व्हतं की! म्या म्हनलं काय आन् काय!"

आणि सगळा मंडप हसला. अंगावरचं ओझं उतरल्यासारखा मोकळा हसला. दूध म्हणजे काय विष आहे का? देवालासुद्धा घालतोच ना आपण? पोरांचं वयच असतं. मुक्ताबाई म्हणाली, "तरी मी म्हणत हुते, सायीवानी वास कसा." ती असं काहीएक म्हणाली नव्हती. कुणीतरी सार्थकच्या पाठीवर थाप मारली. त्याला काय घडलं हे आधीपासून माहीत होतं, की त्यानंही तो व्हिडिओ खरंच घाबरून काढला होता, ते मला कळलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. खांबापाशी उभ्या असलेल्या माणसाशी मात्र कुणी अवाक्षर बोलेना. माझं डोकं असं तापलं!

"अहो, त्या माणसाला कुणी काही म्हणणार आहे का?" मी उठून विचारलं.

"म्हनायचं काय त्यात?" आबा म्हणाले. "सावळ्या, झालं गेलं इसरून जा. पाना उचल, काम चालू ठेव."

सावळाभाऊनं पाना उचलला नाही. त्यानं तांब्यातलं उरलेलं पाणी दुसऱ्या पेल्यात ओतलं. काठोकाठ भरला आणि आबांसमोर धरला.

"घ्या, आबा."

आबा पेल्याकडं बघत राहिले. "तोंडात तंबाखू हाय रं."

तो सार्थककडं वळला. सार्थकनं मान फोनात घातली. मुक्ताबाईकडं गेला. "आत्ताच घरनं पिऊन आले, बाबा." पहिल्या रांगेतला एकजण उठून चप्पल शोधायला लागला. मघाशी पुरावा मागणारी सगळी माणसं आता इकडंतिकडं बघत होती.

सावळाभाऊ परत टेबलापाशी आला. पेल्यातलं थेंबभरही पाणी सांडलं नव्हतं.

"आबा, ह्याच्यात दूध न्हाई, इष न्हाई," तो म्हणाला. "मग काय हाय, तेवढं सांगा."

त्यानं पेला पान्याशेजारी ठेवला आणि हृतिकला हात करून निघाला.

मी माणसं ढकलत पुढं गेले, पेला उचलला आणि एका दमात प्याले. पाणी होतं, जरा पावडरीच्या वासाचं. मी वळून बघितलं, तर दोघं पायऱ्या उतरून वाडीच्या वाटेला लागले होते. त्यांनी मागं वळून बघितलं नाही.