माझी घंटी परत द्या

मी एक जुनी माउंटन सायकल आहे. मित्रांनो, लगेच "अरेरे" म्हणू नका. मला दया नको. मला राग आला आहे.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी गर्द हिरवी होते. माझा पहिला मालक विजेचे खांब तपासणारा लाइनमन. खांद्यावर तारेचं भेंडोळं घेऊन तो मला टेकड्यांवर पिटाळायचा. एकदा उतारावर ब्रेक निकामी झाला आणि आम्ही फाटकाच्या खांबावर आदळलो. त्याचं नाक फुटलं. माझा चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन पाय, किंचित मागे वाकला. त्याच्या नाकाला टाके पडले. माझ्याकडे कोण बघतो! तो निवृत्त झाला आणि मी सहा वर्षं ताडपत्रीखाली गंजले.

मग चष्म्याची भिंगं घासणाऱ्या एका बाईंनी मला विकत घेतलं. त्यांना अगदी मनासारखी सायकल घडवून घ्यायची होती, आणि ती कशी असावी हे आमच्यासारख्या जुन्या माउंटन सायकली चालवून ठरवायचं होतं. आम्ही चौघी होतो. एकीचं हँडल दुसरीला, दुसरीची सीट तिसरीला. अकरा महिने नुसती उसनवारी! शेवटी बाई म्हणाल्या, "वळणावर हीच माझ्या मनातलं ओळखते." मी हरखले. वेडी मी!

त्यांचा भाऊ वेल्डर. बाईंनी माझी सगळी मापं अर्ध्या मिलिमीटरपर्यंत घेऊन त्याला दिली. फक्त चिमट्याचं माप कारखान्याच्या पुस्तिकेतून उतरवलं. छापलेलं कधी चुकतं का! नवी सायकल तयार झाली. माझी चाकं, सीट, घंटी तिला गेली. मी कोपऱ्यात उलटी, भंगारवाल्याची वाट बघत.

पहिल्याच दिवशी नवी वळलीच नाही, थेट भिंतीवर गेली. बाई मनगट सोलवटून परत आल्या.

"दादा, हिची चाल तिच्यासारखी नाही रे!"

"तायडे, मापं तुझीच आहेत."

दोघांनी माझ्या चिमट्याला मोजपट्टी लावली.

"अगं, हा वाकलाय! अकरा महिने बसतेस, दिसलं नाही?"

"मी भिंगं बघते. लोखंड तुझ्याकडे!"

दादाने बोट फिरवलं. "चीर नाही. काढतो आणि बसवतो नवीला."

एवढंच उरलं होतं माझ्याकडे! तेही न्या!

बाई मनगटावर फुंकर घालत म्हणाल्या, "नको. आधी हिला उभं कर."

"आणि नवीचं काय?"

"तिला दुसरा चिमटा बनव. हिच्याकडे बघून, हिचा काढून नाही."

चाकं परत आली, सीट आली. आता बाई रोज माझ्यावरूनच कामाला जातात. तरी माझा राग गेलेला नाही. माझ्या तिघी मैत्रिणी अजून भिंतीला टांगलेल्या आहेत; एकीला तर हँडलच नाही.

मित्रांनो, नवं जरूर घडवा. पण जुन्याचं माप घेण्याआधी त्याला कुठे लागलंय ते हात फिरवून बघा. ते कुठल्याच पुस्तिकेत छापलेलं नसतं.

आणि माझी घंटी अजून त्या नवीवरच आहे. ती आधी परत द्या.