जास्तीचा तुकडा

नत्थूजींच्या स्वयंपाकघराच्या छताला एक हिरवा डाग आहे. त्यावर दोनदा चुना मारून झाला, एकदा डिस्टेंपर लावून झाला, पण डाग काही हटला नाही. तो सांबाराच्या चटणीचा आहे. सांबार म्हणजे पुण्याकडचे लोक जिला कोथिंबीर म्हणतात ती. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात मिक्सर घरघर करायला लागला म्हणून नत्थूजींनी तो उघडला, साफ केला, परत जोडला, आणि शेवटी त्यांच्या हातात एक स्क्रू उरला. "कंपनीवाले एखादा जास्तीचा टाकतात," असं म्हणून त्यांनी तो खिळ्यांच्या डब्यात टाकून दिला. मिक्सर दोन दिवस उत्तम चालला. तिसऱ्या दिवशी झाकण, भांडं आणि चटणी तिघंही आपापल्या दिशेनं निघून गेली.

कुणाला लागलं नाही. सून हिमानी तिथंच उभी होती. तिनं चष्म्यावरची चटणी ओढणीनं पुसली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही आता आराम करत जा ना."

ती हे प्रेमानंच बोलली. त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच नत्थूजींना ते जास्त लागलं. खापरखेड्याच्या वीजकेंद्रात बॉयलरवर चौतीस वर्षं फिटर म्हणून काढलेला माणूस तो. साहेबांच्या शिव्या त्यांनी पचवल्या होत्या, पण आराम काही पचेना. त्या दिवसापासून घरात नळ गळला की बाहेरून माणूस यायचा, पंखा अडला की माणूस यायचा, आणि नत्थूजींकडे त्या माणसाला चहा विचारण्याचं काम यायचं. आणि स्क्रूचं त्यांना स्वतःलाच पटत नव्हतं, कारण त्यांचे फोरमन देवरावजी नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात सांगून गेले होते: ज्या कामात नट उरला, ते काम झालं नाही.

तर, तुळशीचं लग्न आटोपल्यावर एका शनिवारी हिमानी आणि तिचा नवरा रजत काटोलला गेले. हिमानीच्या मामेबहिणीचा साखरपुडा होता. रविवारी संध्याकाळी यायचे होते. हिमानी पुण्याच्या एका कंपनीचं काम घरूनच करायची, सोमवारी नऊच्या ठोक्याला तिला हजर व्हावं लागे. कंपनीचा लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर, मिटून ठेवलेला होता.

नत्थूजींनी तो फक्त पुसायला उघडला. त्यांच्या एका हातात फडकं होतं आणि दुसऱ्या हातात कच्च्या चिवड्याची ताटली. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, तो असा. ताटली कलंडली. मुरमुरे वर राहिले, ते वेचता आले. शेव, तिखट आणि तेल मात्र बटणांच्या फटीतून आत गेलं. नत्थूजींनी 'ए' दाबून पाहिलं, तर ते कुरकुरलं.

शोभाताई, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, आवाज ऐकून आल्या आणि नुसत्या उभ्या राहिल्या.

"आता?"

"आता काय. साफ करा लागन."

"दुकानात नेऊन द्या ना."

"कंपनीचा आहे तो. दुकानदार उद्या काही करून ठेवन, त्याचं उत्तर कोण देईन?"

"आणि तुम्ही करून ठेवलं तं?"

नत्थूजींनी ताटली बाजूला ठेवली आणि कामाला सुरुवात केली.

त्यांनी घाई केली नाही. दुधानं तोंड पोळलेला माणूस होता तो. लॅपटॉप पूर्ण बंद केला, चार्जरची पिन भिंतीतून काढली, आणि एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'काम चालू आहे. हात लावू नये.' खाली तारीख, वेळ आणि सही. हा पुठ्ठा त्यांनी सुतळीनं त्या भिंतीवरच्या बटणाला टांगला. वीजकेंद्रात ज्याची सही असे त्यालाच तो काढता येई. शोभाताईंनी त्याच जागी मोबाइल चार्जिंगला लावायला आणला होता. त्या पुठ्ठा वाचून परत गेल्या.

मग त्यांनी कीबोर्डचा फोटो काढला, आणि फोटोवर विश्वास नसल्यामुळे जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर सगळा नकाशाही काढला. शहाऐंशी बटणं, शहाऐंशी चौकोन. सुरी त्यांनी हातातही धरली नाही. मुदत संपलेलं एक एटीएम कार्ड त्यांनी कातरून त्याची पातळ जीभ केली आणि पहिला प्रयोग कोपऱ्यातल्या एका अशा बटणावर केला, ज्याचा उपयोग हिमानीलाही ठाऊक नसावा. वरच्या बाजूनं उचलून पाहिलं, अडलं. लगेच सोडलं. खालच्या बाजूनं हलकेच उचललं, तेव्हा टक् असा आवाज झाला आणि बटण सुटून आलं.

"खालून निघते," ते स्वतःशीच बोलले. वर्षभरात इतका आनंद त्यांना कशानंच झाला नव्हता.

बटणाच्या खाली दोन पांढरे, नखाएवढे प्लॅस्टिकचे तुकडे होते, कातरीच्या पात्यांसारखे एकमेकांत अडकलेले, आणि मधोमध रबराची छोटी टोपी. टोपीला हात लावायचा नाही हे त्यांनी पाहताक्षणीच ठरवलं. स्पेसबारच्या खाली तारही होती. ती कुठं अडकते ते त्यांनी भिंग लावून पाहिलं, मगच काढली. बटणं एकामागून एक निघाली आणि आपापल्या चौकोनात जाऊन बसली. फक्त 'एच' निघेना. बाकीच्यांपेक्षा ते केसभर उंच बसलं होतं. नत्थूजींनी दोनदा बेतानं उचलून पाहिलं. जे मायेनं येत नाही त्याला ओढायचं नाही, हाही देवरावजींचाच नियम. त्यांनी 'एच'ला तिथंच राहू दिलं.

लॅपटॉप उलटा करून त्यांनी कागदावर हलकेच झटकला. शेव पडली, तिखट पडलं, एक लांब केस पडला, आणि गुलाबी रंगाचा, काटेरी, संक्रांतीच्या हलव्याचा एक दाणा पडला. नत्थूजी त्या दाण्याकडे बराच वेळ पाहत राहिले. त्यांच्या चिवड्यात हलवा नव्हता. दुसऱ्याच्या मशिनीत निघालेली वस्तू फेकायची नसते, म्हणून त्यांनी तो कागदाच्या पुडीत बांधला. उरलेला चुरा डाय लावायच्या कोऱ्या ब्रशनं झाडला. सुटे तुकडे साबणाच्या कोमट पाण्यात धुतले, मऊ फडक्यावर पसरले आणि पंख्याखाली चार तास वाळवले. शोभाताई म्हणाल्या, गच्चीवर उन्हात टाका, लवकर वाळतील. नत्थूजींनी त्यांना पुठ्ठा दाखवला.

दिवेलागणीपर्यंत सगळं बसलं होतं. त्यांनी लॅपटॉप सुरू केला. तो पासवर्ड मागत थांबला. नत्थूजींना पासवर्ड माहीत नव्हता, पण त्या खिडकीत ठिपके उमटत होते. बटण दाबायचं, ठिपका मोजायचा, पुसायचा. अशी जेवढी बटणं तपासता येत होती तेवढी सगळी तपासली. ठणठणीत चालली. कुरकुर गेली. नत्थूजींचा जीव भांड्यात पडला आणि त्यांनी घडी करायला फडकं उचललं.

फडक्यावर एक पांढरा तुकडा होता.

तो उचलून त्यांनी तळहातावर ठेवला आणि हात शोभाताईंपुढं केला. शोभाताईंनी चष्मा लावून पाहिलं.

"चालून राहिलं ना सगळं?"

"चालून राहिलं."

"मंग फेका. एवढुसा तं आहे. तिले काय समजते?"

"मिक्सरबी दोन दिवस चालला होता," नत्थूजी म्हणाले.

शोभाताईंची नजर आपोआप छताकडे गेली.

रविवारी सकाळी आंघोळ, पूजा आटोपून नत्थूजींनी तारीख बदलून पुठ्ठा पुन्हा टांगला आणि पंच्याऐंशी बटणं पुन्हा काढली. प्रत्येकाखाली दोन तुकडे आहेत का पाहिले. होते. एकशे सत्तर तुकडे, एकही कमी नाही. दुपारी दोनला सगळं परत बसलं, आणि तळहातावर तो एक तसाच उरला.

आता राहिला होता 'एच'. प्लॅस्टिकची जीभ त्याच्याखाली सरकवून थोडा जोर दिला असता तर सोक्षमोक्ष लागला असता. नत्थूजींनी जीभ हातात घेतली, आणि खाली ठेवली. मोडलं तर सोमवारी नऊला तिच्याजवळ एक अक्षर कमी राहणार होतं. आणि काही न सांगता गप्प बसलं तर, ते तुटेल त्या दिवशी ती आपल्याच हाताला दोष देत बसणार होती. हे दुसरं त्यांना पहिल्यापेक्षा वाईट वाटलं.

"मी तिले सांगतो," ते म्हणाले.

"अवो, मिक्सरच्या वेळेस ती आराम करा म्हणाली," शोभाताई म्हणाल्या. त्यांना नवऱ्याची दया येत होती, आणि ती लपवायचं त्यांनी सोडून दिलं होतं. "आता काय म्हणन, माहीत आहे का?"

"म्हणू दे."

साडेपाचला हिमानी आली, हातात संत्र्यांची पिशवी आणि साखरपुड्याच्या पेढ्यांचा डबा. रजत कोपऱ्यावर दूध घ्यायला थांबला होता. तिनं चप्पल काढली, पाणी प्यायली, आणि मग तिला टेबलापाशी ताठ बसलेले सासरे दिसले. समोर लॅपटॉप. भिंतीवर पुठ्ठा.

"बेटा, बस," नत्थूजी म्हणाले. "माझ्या हातून चिवडा सांडला लॅपटॉपवर. मी बटणं काढून साफ केला. दोन वेळा काढले. सगळे चालून राहिले. पण हा एक तुकडा उरला. कुठचा आहे, मले सापडला नाही. उद्या काही बिघडलं तं तुझ्या हातानं नाही, माझ्या हातानं बिघडलं. कंपनीले तसं सांगजो."

एवढं सगळं ते एका दमात बोलले आणि तळहात पुढं केला.

हिमानी तुकड्याकडं पाहत राहिली. तिचा चेहरा उतरला. नत्थूजींनी मनाची तयारी केली. स्वयंपाकघराच्या दारात शोभाताई पदराला हात पुसत उभ्या होत्या. हात केव्हाच कोरडे झाले होते.

"बाबा," हिमानी हळू आवाजात म्हणाली, "एच काढला का तुम्ही?"

नत्थूजींनी 'एच'चं नावही काढलं नव्हतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच, पण ही गोष्ट त्यांच्या जरा उशिरानं ध्यानात आली.

"नाही निघाला," ते म्हणाले. "काहून?"

नत्थूजींनी शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढली, उलगडली आणि तुकड्याशेजारी ठेवली. गुलाबी हलव्याचा दाणा टेबलावर जरासा गडगडला आणि थांबला.

हिमानी खुर्चीत बसली.

"संक्रांतीले गेला होता तो आत," ती म्हणाली. "मी चमच्यानं एच उचकलला. तं खालचं तुटल्यासारखं झालं. एक तुकडा उडाला, बाजूच्या बटणांखाली गेला असन, तो भेटलाच नाही. मंग मी फेविक्विक लावून चिपकवला, त्या रबरावर. कंपनीचा कागद असते बाबा, की आपण उघडणार नाही म्हणून. त्याच्यावर सही आहे माझी. कोणाले सांगितलं नाही मी. रजतलेबी नाही."

दहा महिने ती पोर रोज सकाळी नऊला त्या 'एच'वर बोट जपून ठेवत आली होती, आणि आपण तिच्यासमोर बसून पेपर वाचत होतो, या विचारानं नत्थूजींना वाईट वाटलं. पण ते फिटर होते, म्हणून पहिला प्रश्न वेगळाच निघाला.

"कोण्या बाजूनं उचकलला होता?"

"वरून."

"खालून निघते, बेटा."

"मले काय माहीत."

"विचारलं असतं मले."

हिमानीनं मान खाली घातली. विचारायची सोय तिनं स्वतःच बंद करून ठेवली होती, हे दोघांनाही कळत होतं.

नत्थूजींनी भिंग लावून तुकडा पुन्हा पाहिला. टोकं शाबूत होती. "हा तुटला नाही, नुसता निसटला आहे," ते म्हणाले. "याचा जोडीदार कुठं आहे?"

हिमानी उठली, आपल्या खोलीत गेली आणि कुंकवाचा करंडा घेऊन आली. त्यात तळाशी, कुंकवानं लाल झालेला, दुसरा तुकडा होता. दहा महिने जपून ठेवलेला. नत्थूजींनी तो फुंकून साफ केला आणि दोन्ही तुकडे एकमेकांत अडकवले. ते बसले.

"मंग तं होते," ते म्हणाले. "फेविक्विक सुकून कडक झालं असन. शिवायचा दोरा पायजे, बारीक. बटण आणि रबराच्या मधातून करवतीसारखा फिरवला की सुटन. रबराले धक्का नाही लागला पायजे." इतकं बोलून ते थांबले. आराम करायचा, हा घरातला नियम त्यांना आठवला होता. "म्हणजे, तुझी हरकत नसन तं. नाही तं राहू दे. आहे तसा चालूनच राहिला तो."

हिमानीनं शोभाताईंच्या शिवणाच्या डब्यातून दोरा आणला, दात लावून हातभर तोडला आणि सासऱ्यांच्या हातात दिला. मग तिनं भिंतीवरचा पुठ्ठा सरळ केला आणि कोपऱ्यातला दिवा ओढून लॅपटॉपवर धरला. नत्थूजींनी चष्मा वर सरकवला, दोऱ्याची दोन्ही टोकं बोटांना गुंडाळली आणि तो 'एच'च्या खाली सरकवला.

बाहेर दार वाजलं. रजत दुधाची पिशवी घेऊन चप्पल काढत होता.

"बाबा कुठे आहेत?" त्यानं दारातूनच विचारलं.

हिमानीनं दिवा जरासा खाली आणला.

"आहेत आत," ती म्हणाली. "आराम करून राहिले."