मी कूलर नाही

मित्रांनो, मी एक जुना, काळा, भोकाभोकांचा ठोकळा आहे. कूलर नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझं निम्मं आयुष्य या एका गैरसमजात वाया गेलं.

सुधाकर सर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. चिनीमातीच्या ठोकळ्यावर मँगनीज ऑक्साइडचा लेप देऊन त्यांनी मला घडवलं. माझं काम साधं आहे. मला चांगलं तापवायचं आणि पंख्यानं रंग पातळ करायच्या थिनरची वाफ माझ्या भोकांतून जाऊ द्यायची. वाफ जळून नाहीशी होते, मी तसाच राहतो. गार पडलो, की मी नुसता दगड!

मागे तापणारी कॉइल, पुढे जाळी, आत पंखा, अशा पत्र्याच्या डब्यात बसवून सरांनी मला वडनेर भोलजीला शकूरभाईंच्या रंगकामाच्या शेडमध्ये लावलं. बीटी कापसाचे दिवस होते. कापूस जिनिंगला न्यायला जो तो ट्रॅक्टरची ट्रॉली घेत होता आणि ती रंगवायला शकूरभाईंकडे आणत होता. ट्रॉलीवर नावं लिहायची त्यांची बायको अजीजुन्निसा. तिचा 'ळ' बघायला गिऱ्हाईक थांबून राहायचं. पण थिनर नाकात जाऊन तिला घेरी यायची. डॉक्टर म्हणाले, हवा सुधारा, नाहीतर ब्रश सोडा. ब्रश सोडायला ती तयार नव्हती, म्हणून मी आलो. हिवाळाभर तिला एकदाही घेरी आली नाही. मला केवढा अभिमान वाटला!

मग मे महिना आला.

"मे महिन्यामंदी गरम हवा कोन घेते बे?" शकूरभाई गिऱ्हाइकाला, कारभारींना, म्हणाले. त्यांनी कॉइल काढून भंगारात दिली, जाळीला कूलरचं गवत लावलं आणि वरून पाणी सोडलं! पंखा आणि जाळी दिसली, की आमच्याकडे पाणी ओतलंच म्हणून समजा. मी आतून ओरडत होतो आणि कारभारी सदऱ्याची बटणं सोडून माझ्यासमोर बसले होते.

"मस्त गार लागून राह्यलं, शकूरभाई."

पावसाळ्यात शेडची दारं बंद झाली. भिजलेल्या माझ्यातून वाफ जशीच्या तशी जाऊ लागली. अजीजुन्निसाची घेरी परतली. एके दिवशी ती ब्रशासकट खाली कोसळली.

"डब्बा बोगस निंघाला," शकूरभाई म्हणाले.

"माह्या बीटीच्या पाकिटावानी," कारभारी म्हणाले. त्यांचं बियाणं त्या साली उगवलंच नव्हतं.

बोगस! ते पाकीट खरंच खोटं होतं हो. मला तर तुम्हीच बुडवलंत!

शेवटी तिनंच सरांना फोन केला. "सर, रोज पानी टाकतो, तरी मले चक्कर येते."

सर दुसऱ्या दिवशी नवी कॉइल घेऊन आले. गवत उपसत म्हणाले, "शकूरभाई, याला पाणी कुणी पाजलं?"

"हा कूलर नाही काय?"

सरांनी कपाळावर हात मारला. मला तापवून कोरडं केलं आणि मी पुन्हा कामाला लागलो. तिची घेरी थांबली.

पण मित्रांनो, तिचा 'ळ' आता थरथरतो. ती तो पुसते, पुन्हा काढते, पुन्हा पुसते. शकूरभाई तोंड फिरवून उगाच रंगाचे डबे लावत बसतात. एखाद्या वस्तूला बोगस ठरवण्याआधी तिचं काम काय, एवढं तरी विचारत जा रे! हवेतला थिनर मी जाळतो. तिच्या अंगात गेलेला मला जाळता येत नाही.