फळीवरच्या नळाचा उपवास

मी नळ बोलतोय. पण खाली बादली लावायची घाई करू नका, माझ्या पाण्याची गोष्ट जरा उशिरा सुरू होते.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझे सोबती कुणी स्वयंपाकघरात गेले, कुणी दवाखान्यात. मला एका शाळेने घेतलं आणि हातकामाच्या खोलीत लाकडी फळीवर बसवलं. मागे ना पाइप, ना पाणी. निर्जळी उपवासच म्हणा! मुलं पान्याने मला उघडायची, आतलं झिजलेलं वॉशर बदलायची, पुन्हा घट्ट करायची. माझी कुरकुर नव्हती. देवाने ज्या कामाला जन्माला घातलं ते निभवायचं.

त्या मुलांत आठवीतली चिमणी होती. अंगाने काडी, पण पाना धरला की सोडायची नाही.

एका सोमवारी तिचे वडील तरातरा खोलीत आले. मागे मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, आणि मान खाली घातलेली चिमणी.

"हेच का ते ध्यान?" वडिलांनी माझ्याकडे बोट केलं. "काल हिने घरचा गळका नळ उघडला. छतापर्यंत फवारा! गाद्या भिजल्या, खालच्या मजल्यावरच्या आजी छत्री घेऊन वर आल्या. बंद करा हा तास. गणित शिकवा त्यापेक्षा."

मोठ्या बाईंना गणितासाठी तास हवाच होता. त्यांनी लगेच मान डोलावली.

"अगं, आधी पाणी अडवायची चावी बंद नाही का केलीस?" हातकामाच्या बाईंनी विचारलं.

"कुठली चावी?" चिमणी रडवेली झाली. "ह्याला कुठे आहे?"

सगळे माझ्या मागे वाकून बघू लागले. खरंच, मला चावी नव्हतीच. ज्याला पाणीच नाही, त्याला ती कशाला?

हातकामाच्या बाईंनी बाह्या सरसावल्या. "पोरीचं चुकलं नाही, आमचं शिकवणं अर्धवट राहिलं. तास बंद नाही करायचा, पुरा करायचा. शनिवारी या तुम्ही."

"येतो की. छत्री घेऊनच येतो!"

शनिवारपर्यंत प्लंबरने माझ्या पाठीशी पाइप जोडला, त्यावर चावी बसवली. पहिलं पाणी अंगातून धावलं आणि देवाशपथ, मी शहारलो. उपवास सुटला!

वडील खरोखरच छत्री उघडून दारात उभे. मोठ्या बाई त्यांच्याही मागे. चिमणीने पाना उचलला, थांबली, खाली ठेवला. आधी चावी फिरवली. मला सोडून पाहिलं, धार तुटली. मग पाना घेतला, वॉशर बदललं, मला आवळलं आणि चावी उघडली.

मी एक थेंब गळू दिला नाही.

"बाबा, मिटा आता ती छत्री."

वडिलांनी ती मिटली. "घरच्या नळाला अजून चिंधीच बांधलीय," ते हळूच म्हणाले. "उद्या तूच बघ. चावीपाशी मी उभा राहतो."

 पुढच्या आठवड्यात हातकामाचा तास होता तिथेच होता.

मुलांना खरं पाणी, खरी सुई, खरी शेगडी हाताळू द्या. थोडी भिजतील, वाळतीलही. आणि आज घरी गेलात की लेकरांना विचारा, आपल्या घरचं पाणी कुठून बंद होतं? त्यांना ठाऊक नसेल तर दाखवा. तुम्हालाही ठाऊक नसेल, तर दोघं मिळून शोधायला लागा.