सातव्या आठवड्याचं रीडिंग

मंदाकिनी खांबेटे यांना आयुष्यात दोन गोष्टींचा मनापासून वैताग होता. एक, आपल्या शोधाची गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्याचा. आणि दोन, ती दुरुस्त करत बसण्याचा. गोष्ट अशी सांगितली जायची, की सत्त्याऐंशी साली खांबेटेबाई डोंबिवलीच्या घरी राखेने भांडी घासत होत्या, घासता घासता मोरीतलं पाणी नितळ झालेलं दिसलं आणि त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. प्रत्यक्षात सत्त्याऐंशी साली बाईंची भांडी सखुबाई घासत असे, आणि तीही पावडरने. शोध लागला तो कल्याणच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत, तीन वर्षं खपून, चौदा प्रकारच्या राखा करून, एकशे चाळीस प्रयोगांनंतर. पण एकशे चाळीस प्रयोगांची हकिगत ऐकायला वेळ कोणाला आहे? बाईमाणसाने शोध लावला तर तो मोरीतच लागला पाहिजे, असा आपल्या लोकांचा एकंदर आग्रह दिसतो.

शोध साधा होता, आणि म्हणूनच मोठा होता. शहाडच्या पलीकडे नदीकाठच्या काही वस्त्यांत बोअरिंगच्या पाण्यात शिसं उतरायचं. शिसं डोळ्यांना दिसत नाही, त्याला वास नाही, चव नाही. लहान मुलांच्या मेंदूत मात्र ते गुपचूप जाऊन बसतं. बाईंनी भाताच्या तुसाची राख एका ठरावीक आचेवर भाजून सच्छिद्र माठात भरली, वरून पाणी ओतलं, आणि खालच्या माठात जे झिरपलं त्यात शिसं औषधालाही नव्हतं. वीज नको, यंत्र नको. तेव्हा असं काही जगात कोणी केलं नव्हतं. परदेशी नियतकालिकात लेख छापून आला, बाईंनी घरोघर वाटायला मराठीत एक पत्रक लिहिलं, आणि 'राखेचा माठ' वस्तीवस्तीत जाऊन बसला. तो आजही तिथे बसलेला आहे, कारण नळाला पाणी आजही एक दिवसाआड येतं.

आणि आता पंचाहत्तरीला हाच माठ बाईंच्या मानगुटीवर बसला होता.

झालं असं, की चार महिन्यांपूर्वी क्षिप्रा नावाच्या मुलीचा फोन आला. माजिवड्याच्या एका खाजगी प्रयोगशाळेत ती पाणी तपासायचं काम करायची. "मॅडम, तुम्हाला राग नाही ना येणार?" अशी तिने सुरुवात केली, तेव्हाच बाईंना राग आला. "माठाची राख दोनेक महिन्यांत पूर्ण भरते, मॅडम. मग ती धरलेलं शिसं परत सोडायला लागते. माझ्याकडे वरून जेवढं टाकतेय त्याच्यापेक्षा खालून जास्त येतंय."

बाईंनी तिला दोन शब्द सुनावले. फोन ठेवला. मग दुसऱ्या दिवशी तीन माठ आणून स्वतःच्या गॅलरीत मांडले, शहाडहून बोअरचं पाणी कॅन भरभरून आणवलं, आणि नऊ आठवडे दर सोमवारी बाटल्या भरून माजिवड्याला पाठवल्या. सहा आठवडे पाणी स्वच्छ. सातव्या आठवड्याला आकडा किंचित वर. आठव्याला वरच्या पाण्यापेक्षा खालचं वाईट. मुलीचं बरोबर होतं. शहाणी मुलगी, तिने तेव्हाही "मी म्हटलं होतं ना" असं म्हटलं नाही.

त्या दुपारी बाईंनी माळ्यावरून सत्त्याऐंशी सालची वही काढली. सहा आठवड्यांची रीडिंग, सुबक अक्षरात. सातव्या आठवड्याच्या ओळीवर एक आडवी रेघ, खाली आकडा स्पष्ट वाचता येत होता, आणि शेजारी त्यांच्याच हातचं: 'बाटली अस्वच्छ. रीडिंग बाद.' लेख पाठवायची मुदत तेव्हा चार दिवसांवर होती. बाटली खरंच अस्वच्छ होती की नाही हे पाहायला नवी बाटली घ्यायला लागली असती, आणखी दोन-तीन आठवडे थांबायला लागलं असतं. वही त्यांनी परत माळ्यावर टाकली नाही. कपाटात साड्यांच्या खाली सारली आणि कोणाला सांगितलं नाही.

माठाचं मात्र सगळ्यांना सांगायचं ठरवलं. आधी नवऱ्याला.

"अगं, अडतीस वर्षं झाली त्याला," प्रभाकरपंत पेपरमधून मान वर न करता म्हणाले. "कोणी दगावलं का?"

"शिशाने कोणी दगावत नाही हो. तोच तर घोळ आहे."

"मग झालं तर. पंचाहत्तरीला माणसाला असं वाटतंच, की आपण काहीच केलं नाही. मलाही वाटलं होतं."

"तुम्ही खरंच काही केलं नव्हतं," बाई म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या.

मग उत्तम साळवी. हा नागरी सत्कार समितीचा अध्यक्ष. डोंबिवलीत सत्कार कोणाचाही असो, शाल उत्तमच्या हातात असते. बीएस्सीला तो बाईंच्याच हाताखाली होता, आणि रीडिंग आधी लिहून मग ब्युरेटची तोटी उघडण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. बाईंच्या अमृतमहोत्सवी सत्काराचा घाट त्यानेच घातला होता, आणि त्यात आणखी एक कल्पना काढली होती: शहाडच्या वस्तीतल्या तीनशे बायकांना, बाईंच्या हस्ते, तीनशे राखेचे माठ. माठांवर बाईंचा फोटो.

"उत्तम, ते माठ वाटायचे नाहीत," बाईंनी त्याला घरी बोलावून सांगितलं. "माझा शोध अर्धा चुकलेला आहे. दोन महिन्यांनंतर तो माठ विष देतो."

उत्तमचे डोळे पाणावले. "मॅडम, हाच तुमचा मोठेपणा. आजकाल लोक नसलेलं पण मिरवतात, आणि तुम्ही असलेलं पण नाकारताय."

"अरे, मी नाकारत नाहीये. मी आकडे दाखवतेय. हे बघ, आठवा आठवडा."

"मॅडम, आकडे तुमचे आणि आमची श्रद्धा." त्याने कागदाला हातही लावला नाही. "तुम्हाला जे वाटतं ते भाषणात सांगा ना, छान होईल. सत्कारमूर्तींनी थोडं असं बोलायचंच असतं. मी याला पात्र नाही, वगैरे. लोकांना भरून येतं."

बाईंना त्याच्या डोक्यात एखादा माठ घालावासा वाटला. पण माठ बिचारा निरपराध होता.

शेवटचा उपाय म्हणून त्यांनी वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. मोजून दोनशे शब्द, तीन आकडे, एकही विशेषण नाही. ते रविवारी छापून आलं. आकडे जागेअभावी गाळले होते, आणि वर ठळक मथळा होता, 'मी तर केवळ निमित्तमात्र!' दिवसभर फोन खणखणत राहिला. एवढी मोठी शास्त्रज्ञ, पण पाय बघा कसे जमिनीवर, असं म्हणणारे अठरा फोन बाईंनी मोजले. अहो राख बदलायची कधी, असं विचारणारा एकही नव्हता. क्षिप्राने शहाडला जाऊन वस्तीत सांगून पाहिलं, तर तिला बायकांनी चहा दिला आणि वर म्हणाल्या, खांबेटेबाईंचा माठ आहे तो, तू कोण कालची पोर?

सत्काराला जाऊच नये, असंही बाईंच्या मनात आलं. तेव्हा प्रभाकरपंत आयुष्यात एकदाच कामाचं बोलले. "तू गेली नाहीस तर माठ वाटायचे थांबणार आहेत का? तुझा फोटो आहेच की त्यांच्यावर." म्हणून बाई गेल्या.

डोंबिवली पूर्वेचं सभागृह, रविवारी संध्याकाळी पाच, म्हणजे सव्वासहा. आधी दीपप्रज्वलन, मग स्वागतगीत, मग मानपत्र. मानपत्रात मोरी होती. चूल आणि मूल सांभाळून राखेतून उठलेली विज्ञानगंगा होती. बाईंना मूल नव्हतं, आणि घरी गॅस होता, पण मानपत्राला कोण अडवणार? शाल खांद्यावरून घसरत होती, नारळ मांडीवर होता, आणि मंचाच्या एका बाजूला तीनशे माठ उतरंडीसारखे रचलेले. शहाडहून सहा बस भरून बायका आणल्या होत्या. त्या पहिल्या रांगांत बसून या माठांकडे बघत होत्या.

बाई माईकपाशी गेल्या. नमस्कार-चमत्कार काही केले नाहीत.

"माझा शोध चुकलेला आहे," त्या म्हणाल्या. "या माठातली राख सहा आठवडेच काम करते. मी तेव्हा सहाच आठवडे तपासलं आणि पत्रकात लिहिलं, की वर्षभर चालेल. ती माझी चूक. दोन महिन्यांनी हा माठ साठवलेलं शिसं पाण्यात परत सोडतो. हे माठ कृपा करून घेऊ नका. ज्यांच्या घरी आहेत त्यांनी राख फेकून द्या, आणि विहिरीजवळ नको, लांब."

बाईंना वाटलं, सुटले एकदाची.

आणि टाळ्या सुरू झाल्या. आधी मागून, मग सगळीकडून, मग लोक उभे राहिले. एक गृहस्थ रुमालाने डोळे टिपत होते. उत्तमने धावत येऊन माईक घेतला. "यालाच म्हणतात विनम्रता," तो म्हणाला, "फळांनी लगडलेलं झाड वाकतं ते असं. आता बाईंच्या हस्ते आपण वाटपाला सुरुवात करू."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काय करायचं या लोकांचं? खरं बोललं तरी टाळ्या, खोटं बोललं तरी टाळ्या. मी इथे उभी राहून शिव्या दिल्या तर त्यालाही हे ओजस्वी वाणी म्हणतील.

"पहिल्या लाभार्थी," उत्तमने माईकवर पुकारलं, "गेली एकतीस वर्षं राखेचा माठ वापरणाऱ्या आपल्या ठमाबाई."

साठी उलटलेली एक सडसडीत बाई पायऱ्या चढून वर आली. उत्तमने एक माठ उचलून बाईंच्या हातात कोंबला, फोटोवाला दोघींना जवळ या, जवळ या म्हणू लागला. बाईंनी माठ घट्ट धरून ठेवला. सोडला नाही. ठमाबाईंनीही हात पुढे केले नव्हते.

"बाय, तुमी आता बोल्ल्या, राख दोन महिन्यांनी उलटते," ठमाबाई म्हणाल्या. "ते खरं हाय काय?"

चार महिन्यांत कोणीतरी पहिल्यांदा प्रश्न विचारला होता. बाईंना एकदम हायसं वाटलं.

"खरं आहे," त्या म्हणाल्या.

"आमी वरसाला बदलतो. दिवालीला, साफसफाई निघते तवा. तुमच्या कागदावर तसंच लिवलंय. कागद हाय माज्याकडं."

"हो. तसं मीच लिहिलं होतं."

ठमाबाई ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजू लागल्या. "म्हंजे दोन महिने चांगलं पानी," त्या म्हणाल्या, "नि दहा महिने..."

"मावशी," उत्तम मध्ये तोंड घालत म्हणाला, हातातला माईक तसाच दोघींच्या मध्ये, "मॅडम नम्रपणे बोलतायत हो, तुम्ही घ्या माठ."

"तू गप रं जरा. मी बायशी बोलतंय." ठमाबाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. "तवा तुमाला कल्लं नव्हतं काय?"

उत्तर तयार होतं. पाच मिनिटांपूर्वी याच माईकवर दिलं होतं आणि त्यावर लोक उभे राहिले होते. सहाच आठवडे तपासलं. बाईंनी तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की चार महिने आपण ज्याला त्याला ऐकत नाही म्हणून बोल लावतोय, आणि सांगायचं ते आपण अजून सांगितलेलंच नाही. नवऱ्याला नाही, क्षिप्राला नाही, कोणालाच नाही. सगळ्यांचा आलेला राग कुठेतरी गळून पडला, आणि उरलेला कोणाचा आहे ते त्यांना नीट कळलं.

"कळलं होतं," त्या म्हणाल्या. माईक सुरू होता, आणि आवाज सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "सातव्या आठवड्याला दिसलं होतं. मी बाटली घाण होती असं लिहून ते खोडलं. परत तपासायला तीन आठवडे लागले असते, आणि मला लेख पाठवायची घाई होती."

या वेळी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. उत्तमने माईक खाली केला. पहिल्या रांगेतल्या एका बाईने शेजारणीला काहीतरी विचारलं, शेजारीण उठून उभी राहिली, आणि मग एकेक करत त्या सगळ्याच उठल्या.

ठमाबाई चिडल्या नाहीत. त्यांनी बाईंच्या हातातला माठ अलगद काढून घेतला आणि खाली ठेवला. मग पदराने हात पुसले, बराच वेळ पुसले.

"माजा मधला पोर शालंत कदी पुढं गेलाच नाय," त्या म्हणाल्या. "चार ओली पाठ व्हायच्या नाय त्याच्या. मास्तर बोलायचे, ध्यान देत नाय. मी लय मारायची त्याला."