खाडीचं भरलं पाणी

१९५५ सालच्या डिसेंबरची एकोणीस तारीख सोमवारी आली. मार्गशीर्ष शुद्ध पंचमी. त्या दिवशी सकाळी पावणेसातला खरवईची तुळशी आणि तिचा नवरा चंदर बदलापूर स्टेशनवर उभे होते. चंदरने अंबरनाथच्या काडेपेटीच्या कारखान्यातून एक दिवसाची रजा काढली होती. तुळशी एरवी निर्वासितांच्या कॅम्प चारमधल्या सिंधी बायकांना भाजी विकायची. तिने त्यांना शनिवारीच सांगून ठेवलं होतं, "सोमवारी भाजी नाय. मना भाऊ भेटायचा हाय."

भाऊ म्हणजे अनंता. तुळशीचं लग्न झालं त्या वर्षी, सत्तेचाळीसमध्ये, तो बसऱ्याच्या बंदरात कामाला गेला होता. त्यानंतर आठ वर्षं फक्त पत्रं. शेवटचं पत्र दिवाळीनंतर आलं. चौथी शिकलेल्या चंदरने ते ओट्यावर बसून दोनदा वाचलं. कंपनी अनंताला पाच वर्षांसाठी सिंगापूरला पाठवत होती, तेही विमानाने. विमान एकोणीस तारखेला सांताक्रूझला थांबणार होतं. आधी त्याच वाटेने गेलेल्या दोघांनी त्याला सांगितलं होतं की जेवायला जुहूच्या किनाऱ्यावरच्या हॉटेलात नेतात आणि दुपारभर तिथेच ठेवतात.

पुढे त्याने लिहिलं होतं : "किती वाजता ये ते मला सांगता येत नाही. इथं एक घड्याळ, विमानात दुसरं, मुंबईत तिसरं. पण त्या दिवशी पंचमी आहे, इथल्या गुजराती दुकानदाराकडे पंचांगात बघितलं. भरल्या पाण्याला हॉटेलच्या मागे उभा राहतो. पाण्याची वेळ तुला सांगायला नको."

खरोखरच नको होती. दोघं भावंडं कळव्याच्या मिठागरात वाढलेली. खाडीचं पाणी भरलं की आगरात घ्यायचं, त्यासाठी उघाडी, म्हणजे बांधातलं लाकडी दार, वेळेवर उघडायची. बापाने हिशेब शिकवला होता : जितकी तिथी तितके पाऊण तास दुपारी बाराच्या पुढे मोजायचे आणि वर आणखी एक पाऊण तास घालायचा. हा वरचा पाऊण तास कशाला, हे त्याने सांगितलं नव्हतं. मुलांनीही विचारलं नव्हतं. पाणी बरोबर त्या वेळेला भरायचं, एवढं पुरे होतं.

पंचमीचं पाणी साडेचारला, असं तुळशीने बोटांवर मोजून सांगितलं.

"मग दिवसभर काय करायचं?" चंदर म्हणाला. "एवढ्या लांब जायचं, तर मुंबई बघून घेऊ."

त्याने कारखान्यातल्या लोकांना विचारून यादी केली होती. महालक्ष्मीचं देऊळ झालं. तिथून हँगिंग गार्डन. मग म्हातारीचा बूट. बुटात मुलंच चढत होती, तरी चंदर आत शिरला आणि वरच्या खिडकीतून डोकं काढून ओरडला, "तुळशे, वर ये! समुद्र दिसतो!"

"उतरा खाली. लोक हसतात," ती म्हणाली. पण तीही हसत होती.

दोन वाजायला आले तेव्हा चंदरने विचारलं, "जायचं का आता? लवकर पोचलेलं बरं."

"आत्ता जाऊन उन्हात काय करायचं? पानी साडेचारला हाय. तुमी बसा, भाकर खा."

ते बाकावर बसून जेवले. अनंताच्या वाटणीचा सुका जवळा आणि तांदळाची भाकर तिने वेगळ्या फडक्यात बांधून ठेवली होती. त्याला हात लावला नाही.

जुहूला बसमधून उतरले तेव्हा सव्वाचार झाले होते. हॉटेलच्या कुंपणाच्या कडेने वाट किनाऱ्यावर जात होती. तुळशी पुढे होती. वाळू लागली आणि ती थांबली.

पाण्याच्या लाटा जिथे येत होत्या, त्याच्या बऱ्याच वरपर्यंत वाळू ओली होती. त्या ओल्या कडेला काड्या, फेस आणि शेवाळ लागून राहिलं होतं. पाणी भरत आलं असतं तर वरची वाळू कोरडी असती. हे पाणी उतरत होतं.

"काय झालं?" चंदरने विचारलं.

"पानी फिरलं," ती म्हणाली. "कवाच."

कुंपणापाशी शहाळी घेऊन एक कोळीण बसली होती. बनूबाई तिचं नाव. चंदरने तिला विचारलं, आज भरती किती वाजता झाली?

"पावणेचारला. पंचमी नाय का आज?"

"साडेचारला नाय?"

"साडेचारला वर खाडीत. पानी हितून जाईल, मग तिकडं पोचेल ना?" बनूबाई हसली. मग तुळशीच्या तोंडाकडे बघून हसायची थांबली. "बदलापूरची का गो तू?"

तुळशीने मान हलवली.

"एक साहेब उभा व्हता. टोपी, बूट, सगळं. लुगडं नेसलेली बाई दिसली की जाऊन इचारायचा, बदलापूरवरनं आलीस का? मना पन इचारलं. मी म्हटलं, बाबा, मी हितलीच. बूट घालून पान्यात उभा. मी ओरडले, अरे बूट भिजले! त्याला कळलंच नाय."

"कवा गेला?"

"चारला बस आली. तीनदा भोंगा वाजवला. तिसऱ्याला गेला."

चंदर विमानतळावर जाऊ म्हणाला. बनूबाई म्हणाली, आत कोणाला सोडत नाहीत, आणि पोचेपर्यंत विमान उडेल. ते इथूनच, डोक्यावरून जातं.

चंदर वाळूत बसला. "चूक माझी. त्या बुटात घुसलो नसतो तर—"

"नाय," तुळशी म्हणाली. "तुमी दोनलाच चला म्हणालात. हिशेब माझा. तो समुद्रावर राहून शिकला. मी खाडीचंच धरून बसले."

पाच वाजून दहा मिनिटांनी पहिलं विमान आलं. चंदर उठून उभा राहिला. "हेच!" तुळशीने हात वर केला आणि ते दिसेनासं होईपर्यंत तसाच ठेवला. अर्ध्या तासाने दुसरं गेलं. चंदर म्हणाला, "हे असेल." तिने पुन्हा हात वर केला.

तिसरं आलं तेव्हा सूर्य पाण्याला टेकला होता. चंदरने फक्त वर बघितलं. विमानाच्या खिडक्या लहान होत्या आणि उन्हाने सगळ्या सारख्याच चमकत होत्या. त्यांतली एकही सुटू नये म्हणून तुळशी मान वळवत, पुढून मागे, एकेक बघत राहिली.